तेवीस नंबरची झडप

या सदरातले अनुभव मी बरीच वर्षं वाचते आहे, आणि खरं सांगायचं तर हसत वाचते. माझे वडील शाळामास्तर. गावात कुणाच्या अंगात आलं की ते मुद्दाम तिथे जायचे आणि त्याला एकोणतीसचा पाढा विचारायचे! अशा घरात वाढलेली मी. भूत, करणी, राखणदार... कशावरच माझा विश्वास नव्हता. आजही 'आहे' म्हणायला जीभ रेटत नाही. पण एक गोष्ट माझ्या डोळ्यांदेखत घडली, किंबहुना माझ्या हातून घडली. भर दुपारी. आणि एकदा नाही, जवळजवळ दीड महिना. त्यातली बरीच माणसं आता राहिली नाहीत, म्हणून लिहिते आहे. नावं सगळी बदलली आहेत.

गोष्ट ऐंशीच्या दशकाच्या मधली. रत्नागिरीहून जयगडकडे जाणाऱ्या रस्त्यावर एक गाव आहे. एसटीतून उतरलं की समोरच चिऱ्याची, मंगलोरी कौलांची इमारत. पुढच्या खोलीत पोस्ट, मागच्या खोलीत टेलिफोन एक्स्चेंज. तिथे मी ऑपरेटर होते. वय सव्वीस, लग्न व्हायचं होतं. खोलीला एक खिडकी, खिडकीबाहेर फणस, आणि भिंतीला लागून पन्नास नंबरांचा जुना बोर्ड.

हा बोर्ड कसा चालायचा ते सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. प्रत्येक नंबराला पितळेची एक छोटी झडप असायची. कुणी घरी फोनचं हँडल फिरवलं की इथे त्याची झडप 'टक्' करून खाली पडायची. मग मी त्या नंबराखालच्या भोकात कॉर्ड, म्हणजे टोकाला पिन असलेली वायर, घालायची आणि विचारायची, "नंबर प्लीज?" हँडल फिरल्याशिवाय झडप पडत नाही. आणि मुळात तारच नसेल तर पडायचा प्रश्नच येत नाही.

त्या वेळी आमच्या भागात वर्तमानपत्रांना बातम्या पाठवणारे सातआठ जण होते. कुणी दुकानदार, कुणी मास्तर. यांना पगार नाही, ओळखपत्र नाही; बातमी छापून आली तर आली. अशा लोकांनी मिळून एक छोटी संघटना काढली होती. पण गावं लांब, एसटी दिवसातून दोन, सभा घ्यायची कुठे? मग मीच सुचवलं. रविवारी दुपारी एक वाजता बोर्ड अगदी रिकामा असतो. आमच्या लाइनमनने, शिगवणने, मला सगळ्यांच्या कॉर्ड एकत्र जोडायची एक पट्टी करून दिली. सुपरवायझर साहेबांना ठाऊक होतं. ते म्हणाले, "अर्ध्या तासाच्या वर नको."

ही आमची 'रविवारची लाईन'. सातआठ माणसं आपापल्या घरी, दुकानात, गिरणीत कानाला फोन लावून बसलेली, आणि मधे मी. कोण फार बोलतोय त्याला थोपवायचं, कोण गप्प आहे त्याला बोलतं करायचं, भांडण लागलं तर मिटवायचं — हे सगळं माझ्याकडे. नवीन माणूस आला की मी म्हणायची, "या, बसा. काय जेवलात आज?" की मग तो मोकळा व्हायचा. जयगड बाजूचे इक्बालभाई दर रविवारी नवा मासा सांगायचे. जोशीकाका म्हणायचे, "आमच्या आमटीभातावर बातमी कोण छापणार?" आणि सगळ्यांचा लाडका म्हणजे वसंत. कापडाचं दुकान, घरात फोन, गोड आवाज. नवीन माणसाचं माझ्याआधी स्वागत तो करायचा.

नियम एकच होता, आणि तो मी केला होता. लाईनवर बोललेलं लाईनवरच राहणार.

मधू या लाईनवर सर्वांत शेवटी आला. खाडीकाठच्या एका वाडीतला, तिशीच्या आतला. मामाच्या भाताच्या गिरणीत काम करायचा आणि गिरणीतल्या फोनवरून बोलायचा. नंबर तेवीस. पहिले तीन रविवार तो नुसता ऐकत बसला. चौथ्या रविवारी मीच म्हटलं, "बोला हो मधूभाऊ. इथे सगळी आपलीच माणसं आहेत."

हे वाक्य मी म्हटलं होतं. ते पुढे कितीतरी वर्षं मला झोपू देत नव्हतं.

मग तो बोलायला लागला, आणि असं बोलायचा की इक्बालभाईसुद्धा मासा विसरायचे. दोनतीन वेळा तो एक्स्चेंजमध्येही येऊन गेला. खिडकीपाशी उभा राहायचा, आत यायचा नाही. एकदा पिशवीभर पांढरे जाम घेऊन आला आणि "मामींनी दिलेत" म्हणाला. मामींना जाऊन वर्ष झालं होतं, हे मला माहीत होतं. मी काही बोलले नाही. तोही नाही. आमच्यात एवढंच झालं.

त्या उन्हाळ्यात मधूच्या हाताला मोठी बातमी लागली. खाडीत कुणीतरी सुरुंग लावून मासे मारत होतं. पाण्यात स्फोट करायचा, मेलेला मासा वर आला की गोळा करायचा. पिल्लंसुद्धा मरतात, मग पुढच्या वर्षी खाडी रिकामी. त्यामागे मासळीचा एक मोठा ठेकेदार होता, त्याला सगळे शेठ म्हणायचे. सगळ्यांना ठाऊक, बोलणार कोण? पण पलीकडच्या गावातल्या एका खलाशाची बोटं त्या सुरुंगात गेली होती, आणि तो मधूला सगळं सांगायला तयार झाला होता.

रविवारी लाईनवर मधूने हे सांगितलं. आवाजात उत्साह मावत नव्हता.

"मंगळवारी जातो त्याच्याकडं. दुपारची तर किती वाजता सुटते हो?" — तर म्हणजे खाडी ओलांडायची होडी.

वसंत म्हणाला, "तीनला. तीनला सुटते बघ. सांभाळून जा, मधू."

मंगळवारी मधू बंदरावर गेला तेव्हा तरवाला नव्हता. त्याला म्हणे कुणीतरी सांगितलं होतं, आज येऊ नकोस. धक्क्याला दुसरीच एक होडी उभी होती. दोन माणसं म्हणाली, "आम्ही पण पलीकडंच चाललोय, बस." हे जाळं शिवत बसलेल्या एका म्हातारीने पाहिलं. होडी तासाभराने परत आली ती मधूशिवाय. "पाय घसरून पडला, सापडला नाय," म्हणाले. दुसऱ्या दिवशी ओहोटीला तो कांदळवनात सापडला. खाडीकाठी जन्मलेला माणूस, खाडी पोहून पार करणारा! पोलिसांत नोंद झाली, बुडून मृत्यू. त्या म्हातारीने पुढे साक्षच दिली नाही. तो खलाशी घरदार सोडून कुठे गेला ते कुणाला कळलं नाही.

मधूच्या मामांनी फोन सरेंडर केला. "त्या यंत्राकडं बघवत नाय," म्हणाले. शिगवण जाऊन गिरणीतला फोन काढून घेऊन आला. माझ्यासमोर त्याने बोर्डाच्या पाठीमागे जाऊन तेवीसच्या दोन्ही तारा पकडीने तोडल्या. मी रजिस्टरमध्ये नंबर खोडला.

आता मधू मंगळवारी तीनला जाणार हे कुणाला माहीत होतं? फक्त लाईनवरच्यांना. मी, इक्बालभाई, जोशीकाका, वसंत आणि त्या दिवशी लाईनवर असलेले आणखी दोघे. म्हणजे यातल्याच कुणीतरी शेठच्या कानावर घातलं होतं. मी एकेकाचा आवाज आठवायची आणि मनात त्याला फासावर चढवायची. बाकी लोक हळहळत होते. मला हळहळायचं नव्हतं. मला तो माणूस हवा होता.

तेरावं झालं. पुढच्या रविवारी मी लाईन पुन्हा लावली. इक्बालभाई म्हणाले, "नको गो शैला. दिल नाय लागत." मी म्हटलं, "मधूसाठी बसायचं." खरं कारण वेगळं होतं. मला सगळे एकत्र हवे होते.

सगळे आले. मी एकेकाला जोडलं. आणि एक वाजता... टक्.

तेवीसची झडप पडली.

मला वाटलं स्प्रिंग ढिली झाली असेल. मी ती बोटाने वर केली. ती पुन्हा पडली. पुन्हा वर केली, पुन्हा टक्. वैशाख होता, पाऊस नाही, वीज नाही, काही नाही. काय वाटलं कुणास ठाऊक, मी एक मोकळी कॉर्ड उचलली, तेवीसच्या भोकात घातली आणि ती सगळ्यांच्या लाईनला जोडून दिली. तोंडातून सवयीने गेलं, "या, बसा."

हेडफोनमध्ये काही नाही. मेलेल्या तारेचा असतो तसा शून्य आवाज. खरखरसुद्धा नाही.

जोशीकाका कसल्यातरी ठरावाबद्दल बोलत होते. मधेच वसंत म्हणाला, "कोण बोलतंय ते?"

जोशीकाका थांबले. "मीच की. मी बोलतोय."

"तुम्ही नाय. दुसरं कोण आहे लाईनवर?"

"कोण नाय रे वसंता," इक्बालभाई म्हणाले.

"अहो, विचारतोय ना तो! ऐकू येत नाय तुम्हाला?" वसंतचा आवाज चिरकला, आणि त्याने फोन खाली आपटला.

बाकी कुणालाच काही ऐकू आलं नव्हतं. मी प्रत्येकाला विचारलं. सगळे म्हणाले, वसंताला मधूचा धक्का बसलाय, त्याला उगाच भास होतात. मी 'हो' म्हटलं. पण खुर्चीत बसल्याबसल्या माझ्या अंगातलं काहीतरी एकदम थंड आणि स्थिर झालं. मला माझा माणूस सापडला होता.

दुसऱ्या दिवशी शिगवणला बोर्ड उघडायला लावला. पाठीमागे तेवीसच्या तारा तोडलेल्या तशाच, टोकांवर धूळ. "झडप पडेल कशी?" तो म्हणाला. "तुम्ही दुसरी बघितली असाल." तेवढ्यात एक वाजला, आणि त्याच्यासमोर ती पडली. तो पकड घेऊन निघून गेला. त्यानंतर मी असताना त्या खोलीत तो कधी आला नाही.

मग मी जे केलं ते माझं मीच ठरवून केलं. कुणी भाग पाडलं नव्हतं. रोज दुपारी एकला तेवीसची झडप पडायची. मी वसंतच्या घरची घंटी वाजवायची. फोन बहुतेक त्याची बायको उचलायची. "हॅलो? हॅलो?" तिला काही ऐकू यायचं नाही. मग मी गोड आवाजात म्हणायची, "वहिनी, वसंतभाऊंना द्या. त्यांचा कॉल आहे." तो यायचा, आणि मी तेवीस जोडून द्यायची.

पहिल्या दिवशी तो पाच सेकंद टिकला. त्याने फोन ठेवला की मी पुन्हा घंटी द्यायची. त्याने रिसीव्हर काढून ठेवला तर मी त्याच्या गावच्या पोस्टमास्तरांना फोनवर निरोप द्यायची, "वसंतभाऊंचा फोन नीट ठेवलेला नाही, जरा बघता का?" एक दिवस तो रडला. मी ऐकत होते. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. घरी जाऊन त्या दिवशी मी पोटभर जेवले. मधू गेल्यापासून पहिल्यांदा.

मी एकदा दोन दिवस रजेवर होते. बदली आलेल्या मुलीला विचारलं, "तेवीसची झडप पडली का गं?" ती म्हणाली, "तो नंबर बंद आहे ना? नाही पडली."

म्हणजे ती माझ्यासाठीच पडत होती. पण — आणि हे मी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं — मला त्या लाईनवर कधीच काही ऐकू आलं नाही. रोज वसंतचा फोन ठेवून झाला की मी तेवीसची कॉर्ड तशीच राहू द्यायची. दोन्ही हातांनी हेडफोन कानावर दाबून बसायची. "मधूभाऊ," म्हणायची. "मधू," म्हणायची. काही नाही. ज्याने त्याला मारायला दिलं त्याच्याशी तो रोज बोलत होता, आणि माझ्याशी एक शब्द नाही.

पाचव्या आठवड्यात वसंत स्वतः एक्स्चेंजवर आला. दुपारचे बारा वाजले होते. माणूस ओळखू येईना. गालफडं बसलेली, दाढी वाढलेली. खिडकीशी उभा राहिला.

"शैलाताई, ती कॉर्ड काढा."

"कुठली?"

"ठाऊक आहे तुम्हाला. मला झोप नाय, जेवण नाय. पोरं घाबरतात मला."

"काय बोलतो तो?" मी विचारलं. मला ते जाणून घ्यायचंच होतं. जीव तोडून जाणून घ्यायचं होतं.

"शिव्या देत नाय. काय नाय. एवढंच विचारतो... 'वसंता, तर किती वाजता सुटते?' मी सांगतो, तीनला. की परत विचारतो. परत सांगतो. की परत..."

त्याने खिडकीचे गज धरले. "मला वाटलं, शेठ त्याला दम देतील. फार तर तंगडी मोडतील. आईशप्पथ, मारतील असं नव्हतं वाटलं. दुकानाचा माल त्यांच्या ट्रकमधनं यायचा. मी नुसतं सांगितलं, हा मंगळवारी जाणार म्हणून."

त्याचं म्हणणं खरं असेल. मला तेव्हा त्याची जरासुद्धा कीव आली नाही. मी म्हटलं, "रविवारी लाईनवर सगळ्यांसमोर बोला. आणि सोमवारी पोलीस ठाण्यात जाऊन लिहून द्या. मग काढते."

"शेठ मला सोडायचे नाहीत."

"मधूलाही नाही सोडलं."

रविवारी तो बोलला. सगळं. त्याचं झाल्यावर इक्बालभाईंनी एवढंच म्हटलं, "शैला, ह्याचा नंबर काढ लाईनवरना." मी वसंतची कॉर्ड काढली. मग तेवीसची काढली. त्यानंतर तेवीसची झडप कधी पडली नाही. मी वाट पाहिली, पण नाही.

सोमवारी वसंतने खरोखरच लेखी जबाब दिला. शेठच्या वखारीत सुरुंगाचा माल सापडला, त्या दोन होडीवाल्यांना धरलं, शेठ काही महिने आत होता. खाडीतले स्फोट थांबले. मधूच्या कागदावर मात्र 'बुडून मृत्यू' हेच राहिलं. वसंतने दुकान विकलं आणि बायकोमुलांना घेऊन मुंबईला निघून गेला. आमची लाईन त्यानंतर दोनतीन रविवार चालली आणि आपोआप बंद पडली. माणसं बोलायला घाबरायला लागली होती. मीही कुणाला 'बोला' म्हणू शकत नव्हते.

दशक संपता संपता गावात ऑटोमॅटिक एक्स्चेंज आलं. बोर्ड भंगारात गेला, माझी बदली रत्नागिरीला झाली. एक दिवस सकाळी मी रत्नागिरीच्या एसटी स्टँडवर उभी होते. एक बाई समोर येऊन थांबली. हातात पिशव्या, चेहरा ओढलेला. आवाजावरून ओळखलं. वसंतची बायको. हिचं 'हॅलो, हॅलो' मी महिनाभर ऐकलं होतं, चेहरा आज पहिल्यांदा पाहत होते.

"तुम्ही शैलाताई ना? एक्स्चेंजवाल्या? कुणीतरी दाखवलान मला तुम्हाला."

मी हो म्हटलं. वसंतभाऊ कसे आहेत, विचारलं.

"आमच्या खोलीत फोन नाय," ती म्हणाली. "शेजाऱ्यांकडं पण नाय. तरी एक वाजला की जेवताजेवता उठतात. हात खरकटा. कोपऱ्यात जाऊन उभे राहतात, मूठ अशी कानाला लावून. आणि 'तीनला, तीनला, तीनला' करत राहतात. अर्धा तास. रोज." तिने माझा हात धरला. "तुम्हीच जोडलात ना तो फोन? मग आता तोडा ना वो."

"वहिनी, मी तेव्हाच काढला. आता तर तो बोर्डसुद्धा राहिला नाही."

"मग त्याला सांगा तरी. तुमचं ऐकेल तो."

तिचा काहीच दोष नव्हता, आणि ती माझ्या हाताला धरून उभी होती. तिला काय सांगणार, की तो माझ्याशी कधी बोललाच नाही? माझी गाडी लागली होती. मी हात सोडवून घेतला आणि गाडीत जाऊन बसले.

तारा तोडलेला नंबर वाजायचा कसा, एकालाच ऐकू यायचा कसा, मुंबईपर्यंत पोचला कसा — मी शिगवणला विचारलं, खात्यातल्या इंजिनिअरना आडून आडून विचारलं, वडील असते तर त्यांनाही विचारलं असतं. कुणाकडे उत्तर नाही, माझ्याकडेही नाही. वसंतचं 'तीनला' कसं थांबवायचं हे मला खरोखरच माहीत नव्हतं. पण माहीत असतं, तर त्या दिवशी स्टँडवर मी ते तिला सांगितलं असतं का... याचं उत्तरही मला अजून मिळालेलं नाही.